यतिभंग

गेल्या नाताळच्या उपासनेंतील ही गोष्ट आहे. आमच्या मुलामुलींच्या गायकवृंदानें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें अभंगवृत्तांतील एक पद म्हटलें. स्वर चुकला नाहीं, ताल ढळला नाहीं, शब्दही सर्वांस पाठ होते. आणि तरी पद संपल्यावर श्रोत्यांच्या मुद्रेवर जी तृप्ति दिसावयास पाहिजे ती कांहीं दिसली नाहीं. उपासना आटोपल्यावर मंडळींतील एक वृद्ध बाई मजजवळ आल्या व म्हणाल्या, "मास्तर, मुलें गोड गायलीं हो, पण तुम्हीं त्यांना कोठें दमच घेऊं दिला नाहीं. देवाचें नांव घ्यावयाचें तें असें धांवत धांवत कशाला?" मीं हंसून वेळ मारून नेली. परंतु घरीं जाऊन पदाचा कागद उघडून पाहिला, तेव्हां बाईंचें म्हणणें खरें ठरलें. दोष मुलांचा नव्हता. तो माझ्या कागदाचा होता.

तें पद मीं उन्हाळ्याच्या सुटींत एका जुन्या गायकाच्या तोंडून ऐकून संगणकावर उतरून घेतलें होतें. पांच रेघांवर स्वर छापणें हें एके काळीं धातूच्या पत्र्यावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराचें काम होतें. आज तें घरबसल्या होतें. म्यूझस्कोर नांवाचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. १९९६ सालीं हॉलंडांत दोघांनीं आरंभिलेला लिलीपाँड हाही तसाच. सिबेलिअस व डोरिको हे पैसे देऊन घ्यावयाचे. मीं यांपैकींच एकावर पद लिहिलें, आणि लिहितांना जी चूक केली ती पुढीलप्रमाणें.

मोठ्या अभंगाचे चरण चार. पहिले तीन ६ अक्षरांचे व चवथा ४ अक्षरांचा, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. आमच्याकडे हें पद ८ मात्रांच्या ठेक्यांत म्हणतात. सहा अक्षरें सहा मात्रांत बसतात, दोन मात्रा उरतात. या दोन मात्रांचें काय करावयाचें? जुने गायक सहाव्या अक्षरावर चरण सोडून देतात व गप्प बसतात. तेवढ्या अवकाशांत झांज वाजते, मृदंगावर थाप पडते, ऐकणाऱ्याच्या मनांत चरणाचा अर्थ उतरतो, आणि गाणाऱ्याच्या छातींत पुढील चरणापुरता वारा भरतो. मीं मात्र त्या दोन मात्रा सहाव्या अक्षराच्या स्वरासच जोडून टाकल्या. कागद भरलेला दिसला, मात्रांचा हिशेब जुळला, आणि मला समाधान वाटलें. पुढें तें पद संगणकाकडूनच वाजवून घेऊन पालकांच्या मोबाईलवर पाठविलें, व मुलांनीं महिनाभर त्याच्याबरोबर म्हणून अभ्यास केला.

यंत्रास श्वास लागत नाहीं, मुलांस लागतो. तिसऱ्या चरणापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां त्यांचा दम संपे, मग ज्यास जेथें सांपडेल तेथें तो चोरून श्वास घेई. कोणी शब्दाच्या मध्यें, कोणी प्रत्ययाच्या अगोदर. याचा परिणाम काय होतो पाहा. समजा, पदांत 'अनाथ' हा शब्द आहे, आणि मुलानें 'अ' म्हणून श्वास घेतला. ऐकणाऱ्याच्या कानीं पडतो तो 'नाथ'. एका अक्षरानें अर्थाचा अनर्थ कसा होतो, हें 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका ऐकलेल्या मराठी माणसास सांगावयास नको. एका श्वासानेंही तो तसाच होतो.

आपल्या पूर्वजांनीं ही गोष्ट क्षुल्लक मानली नव्हती. वृत्तशास्त्रांत तिला नांव आहे, तें यति. मंदाक्रांतेच्या १७ अक्षरांत चवथ्या व दहाव्या अक्षरावर यति पडते, शिखरिणीच्या १७ अक्षरांत सहाव्यावर, शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत बाराव्यावर. ती शब्दाच्या पोटांत पडली तर तो यतिभंग, आणि यतिभंग हा दोष मानिला आहे. तबला शिकणाऱ्यांस 'खाली' ठाऊक आहे. त्रितालाच्या १६ मात्रांत नववी मात्रा खालीची. तेथें टाळी न देतां हात नुसता उघडा करावयाचा. म्हणजे जेथें टाळीचा आवाज नाहीं, त्या जागेसही तालांत नांव आहे व मोजणींत स्थान आहे. तिहाईच्या तीन आवृत्तींमध्यें थोडी उसंत ठेविली तर ती दमदार, न ठेविली तर बेदम. माझ्या कागदानें एका दमदार पदास बेदम करून टाकलें होतें, असेंच म्हटलें पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, हीं पदें पिढ्यान्पिढ्या तोंडोंतोंडीं चालत आलीं, तेव्हां कोणीं विराम लिहून ठेविले होते? प्रश्न योग्य आहे. आणि त्याचें उत्तर आपल्या भाषेच्याच इतिहासांत सांपडतें. मराठ्यांच्या राज्यांतील कोणताही मोडी कागद पाहा. शब्दास शब्द लागलेला, ओळ सलग, स्वल्पविराम नाहीं कीं पूर्णविराम नाहीं. ज्यास मजकूर व लिहिणारा दोन्हीं ठाऊक, तो झरझर वाचीत जाई, त्रयस्थ अडखळे. पुढें छापखाने आले, लिहिणारा व वाचणारा एकमेकांस अपरिचित झाले, आणि विराम लिहून दाखविणें भाग पडलें. १८५० सालीं मेजर कँडी यांनीं विरामचिन्हांवर मराठींत स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. आज या चिन्हांवांचून छापलेलें पान आपणांस वाचवणार नाहीं. गाण्याचें आतां नेमकें तेंच झालें आहे. जोंवर शिष्य गुरूच्या समोर बसून शिके, तोंवर विराम त्यास गुरूच्या चेहऱ्यावरून व छातीवरून कळे. आतां गाणें कागदावरून व मोबाईलवरून शिकलें जातें. गुरु समोर नाहीं. म्हणून त्याचा श्वास कागदावर आला पाहिजे. स्वर लिहिणें व विराम न लिहिणें म्हणजे अर्धें गाणें लिहिणें होय, असें माझें मत आहे.

स्वर कागदावर आणण्याच्या कामांत आपल्या मुलुखाचा वांटा मोठा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्मले, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं शिकले, आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. एका वेळीं अनेकांस शिकवावयाचें, तर गाणें लिहितां आलें पाहिजे, म्हणून त्यांनीं स्वतःची स्वरलिपि सिद्ध केली. १९३१ सालीं त्यांचें देहावसान झालें तेंही मिरजेसच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं गांवोगांवच्या गवयांकडून चिजा मिळवून दुसरी, अधिक सुटसुटीत लिपि प्रचारांत आणिली. तींत स्वरापुढील आडवी रेघ म्हणजे मागील स्वर आणखी एक मात्रा धरावयाचा. आणि शब्दांच्या ओळींतील अवग्रह म्हणजे अक्षराचा उच्चार लांबवावयाचा. या दोघां विष्णूंचे उपकार अपार आहेत. परंतु व्यवहारांत तीच आडवी रेघ जेथें आवाज बंद ठेवावयाचा तेथेंही पुष्कळदां येते. लांबवावें कीं थांबावें, हें रेघ सांगत नाहीं, गुरु सांगतो. इंग्लंडांत जॉन कर्वेन यांनीं प्रसृत केलेल्या टॉनिक सोल-फा लिपींत, जी मिशनऱ्यांबरोबर दक्षिण आफ्रिका व फिजी बेटांपर्यंत गेली, हा भेद फार सोप्या रीतीनें दाखविला आहे. आडवी रेघ असेल तर स्वर चालू. जागा रिकामी असेल तर मौन. माझ्या चुकीचें मूळ याच भेदांत होतें. जेथें जागा रिकामी ठेवावयाची, तेथें मीं रेघ ओढिली.

पांच रेघांच्या पाश्चात्य स्वरलेखनांत थांबण्याचीं चिन्हें अनेक आहेत व त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पहिलें विश्रांतीचें. विश्रांति मोजलेली असते. जितक्या लांबीचे स्वर तितक्या लांबीच्या विश्रांति, आणि प्रत्येकीचें चिन्ह निराळें. येथें आवाज थांबतो, काळ थांबत नाहीं. दुसरें श्वासचिन्ह, रेघांच्या वर काढलेला हा स्वल्पविरामच. मागील स्वराच्या शेवटचा किंचित् अंश सोडून श्वास घ्यावयाचा, परंतु पुढील स्वर आपल्या मात्रेवर हजर पाहिजे. तिसरें फर्माटा, म्हणजे अर्धवर्तुळ व त्याच्या पोटांत बिंदु. येथें मोजणीच थबकते. किती थबकावयाचें तें गायकवृंदाच्या नेत्यानें ठरवावयाचें. चवथें, दोन समांतर तिरक्या रेघांचें. येथें आवाज व मोजणी दोन्हीं एकदम तुटतात, व नेत्याच्या खुणेनें पुन्हां सुरू होतात. चिन्हांचे अर्थ काळाप्रमाणें बदलतात हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. योहान सेबास्टिअन बाख यांच्या उपासनागीतांत प्रत्येक ओळीच्या शेवटीं फर्माटा दिसतो; तो बहुधा ओळ संपल्याची व श्वास घेण्याची खूण आहे, स्वर ताणीत बसण्याची नव्हे.

आतां यांपैकीं कोणतें चिन्ह कोठें घालावयाचें, हा खरा विचाराचा प्रश्न आहे. आणि तो आम्हां ख्रिस्ती लोकांपुढें विशेष रीतीनें उभा राहतो. टिळक १९१७ सालीं साताऱ्यास येऊन राहिले व तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ सालीं ते निवर्तले. ख्रिस्ती भक्ति देशी वाणींत, भजन-कीर्तनाच्या रूपानें व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यामुळें 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहांत दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहतात. एक इंग्रजी चालींच्या गीतांचा, दुसरा टिळकादिकांच्या पदांचा. दोहोंचें मौन निराळें आहे. इंग्रजी चालीचें मौन सर्वांचें मिळून असतें. चारही आवाज एकदम थांबतात, पेटीही थांबते, व मंदिर क्षणभर स्तब्ध होतें. तेथें फर्माटा किंवा दोन तिरक्या रेघा शोभतात. भजनांतील मौन केवळ कंठाचें असतें. झांज व मृदंग चालूच असतात. तेथें मोजलेली विश्रांति पाहिजे, कारण ठेका मोडतां कामा नये. भजनाच्या चरणावर कोणीं फर्माटा घातला, तर झांज वाजविणाऱ्यानें हात वर धरून उभें राहावें काय? उलट इंग्रजी गीताच्या ओळीअखेर नुसती एका मात्रेची विश्रांति घातली, तर वृद्ध माणसें मागें राहतात व तरुण पुढें धांवतात. चिन्ह चुकलें म्हणजे नुसतें गाणें बिघडतें असें नाहीं. त्या गाण्याची जातच बदलते.

यंत्राचा येथें उपयोग कितपत? पुष्कळ आहे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. हे प्रोग्राम चिन्ह उत्तम छापतात. वाजवून दाखवावयाचें झालें म्हणजे मात्र त्यांस आंकडा लागतो. श्वासचिन्ह घातलें म्हणजे वाजवितांना तेथें खंड पडेलच असें नाहीं. म्यूझस्कोरमध्यें किती सेकंद थांबावयाचें तें त्या चिन्हाच्या गुणधर्मांत भरतां येतें. फर्माट्यापाशीं काळ किती पटीनें ताणावयाचा, हाही एक आंकडाच. आतां सांगा, नाताळच्या पहांटे, भरल्या मंदिरांत, एका ओळीनंतर जें थांबावयाचें, आणि मृताच्या घरीं ओसरीवर दहा माणसांत त्याच ओळीनंतर जें थांबावयाचें, त्यांचा आंकडा एकच कसा असेल? यंत्र आंकडा मागतें. गाणारा प्रसंग पाहतो. म्हणून चिन्ह कागदावर असावें, त्याची लांबी गाणाऱ्याच्या स्वाधीन असावी, आणि यंत्राच्या वाजविण्यास कोणीं गुरु मानूं नये. शिवाय यंत्रांचेंही आयुष्य असतें. १९८८ पासून चालत आलेला फिनाले हा नामांकित प्रोग्राम २०२४ सालीं त्याच्या निर्मात्यांनींच बंद केल्याचें जाहीर केलें. त्यांत ज्यांनीं जन्माचें काम केलें त्यांस तें दुसरीकडे हलविण्याची धडपड करावी लागली. छापलेल्या कागदावर ही पाळी येत नाहीं.

आणखी एक आक्षेप विचारी लोकांकडून येतो, तो असा कीं, सर्वच लिहून काढल्यास गाणें जखडलें जाईल. यांत तथ्य आहे. प्रत्येक रेंगाळणें व प्रत्येक उसासा लिहूं गेल्यास कागद काळा होईल व गाणें दिसेनासें होईल. परंतु माझा अनुभव असा आहे कीं, लिहिलेल्या विरामानें गाणें जखडत नाहीं. न लिहिलेल्या विरामानें तें जखडतें. मीं जो स्वर आठव्या मात्रेपर्यंत ओढून ठेविला, त्यानें मुलांचा श्वास घेण्याचा हक्कच काढून घेतला. तेथें दोन मात्रांची रिकामी जागा ठेविली असती, तर कोणी थोडा लांब स्वर धरून, कोणी चटकन् सोडून, आपापल्या परीनें ती जागा वापरली असती. चरणाच्या शेवटचा विराम व अर्थासाठीं अवश्य असा मधला विराम, एवढे दोनच लिहिले तरी बहुतेक काम भागतें.

कागद दुरुस्त करून मीं चार मुलांसह त्या वृद्ध बाईंच्या घरीं गेलों. आतां त्यांस उपासनेस येववत नाहीं. मुलांनीं पद म्हटलें; प्रत्येक चरणानंतर दोन मात्रा थांबलीं, व एकानें मांडीवर ठेका धरिला. बाईंनीं डोळे मिटून ऐकलें. पद संपल्यावर म्हणाल्या, "आतां बरें झालें. पण शेवटच्या चरणानंतर थांबतां कशाला? तो धांवत जाऊन ध्रुपदाच्या गळ्यांत पडतो." आम्हीं पुन्हां म्हणून पाहिलें. चवथ्या, चार अक्षरी चरणानंतर न थांबतां ध्रुपद उचललें, आणि पदाचे चारही चरण जणूं एका माळेंत आले. मीं तेथेंच पेन्सिलीनें ती विश्रांति खोडली. हें मला ना पुस्तकानें सांगितलें होतें, ना यंत्रानें; आणि त्या दिवशीं आम्हीं गेलों नसतों, तर पुढें सांगणारें कोणी उरलें असतें कीं नाहीं कोण जाणे.

म्हणून विद्यार्थ्यांस व पालकांस माझें मागणें थोडें आहे. घरांत ज्या आजोबांस किंवा आजीस जुनीं पदें येतात, त्यांजपाशीं सुटींत बसा. मोबाईलवर त्यांचें गाणें जपून ठेवाच, परंतु तेवढ्यावर थांबूं नका. वहींत पदाचे शब्द लिहा, आणि ते जेथें जेथें थांबतात तेथें उभी रेघ काढा. तेथें झांज चालू असते कीं सर्वच थांबतें, एवढें विचारून बाजूस टिपा. यास स्वरज्ञान लागत नाहीं. कान व पेन्सिल पुरे. स्वर घालणारे मागाहून घालतील. आणि ज्यांस संगणकावर स्वर लिहितां येतात त्यांनीं कागद दुसऱ्यास देण्यापूर्वीं तो यंत्राकडून न वाजवितां एकदां स्वतः उभें राहून गावा. जेथें आपला दम तुटेल तेथें कांहीं तरी लिहावयाचें राहिलें आहे, असें समजावें.

स्तोत्रसंहितेंत 'सेला' हा शब्द ७१ वेळां आला आहे, व हबक्कूकाच्या पुस्तकांत ३ वेळां. गायकांनीं थांबावें, किंवा वाद्यांनीं वाजावें, अशी कांहीं ती सूचना असावी, असें पुष्कळ विद्वान् मानितात. परंतु निश्चित अर्थ कोणासही सांगतां येत नाहीं. नकलकारांनीं तो शब्द शतकानुशतकें इमानानें उतरून ठेविला. मात्र तेथें काय करावयाचें हें ज्यांस ठाऊक होतें ते गायक गेले, आणि त्यांस विचारून घेणारें कोणी राहिलें नाहीं. आपण स्तोत्र वाचतांना तो शब्द डोळ्यांनीं पाहतों व पुढें जातों. आपल्या पदांतील विरामांची गत अशी होऊं द्यावयाची नसेल, तर कागदावर खूण पाहिजे, आणि ती खूण कशी पाळावयाची हें ठाऊक असलेलीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांजपाशीं जाऊन बसणारीं मुलेंही पाहिजेत. सुटी जवळ आली आहे. वही व पेन्सिल बरोबर न्या.